पन्नास डॉलरचा बँकरोल: ऑनलाइन पोकरमध्ये शिस्तीने टिकण्याची पद्धत

खात्यात ५० डॉलर आहेत. लॉबी उघडली की एक-दोन सेंटच्या टेबलापासून शेकडो डॉलरच्या टेबलापर्यंत यादी दिसते आणि त्यातल्या बऱ्याच टेबलांवर हे सगळे ५० डॉलर घेऊन बसता येतं. साइट अडवत नाही. अडवायचं काम तुमचं, आणि ते खेळ सुरू होण्याआधी, डोकं थंड असताना, कागदावर लिहून ठेवायचं असतं. बँकरोल, म्हणजे खेळासाठी बाजूला काढलेले पैसे, सांभाळणं म्हणजे हा कागद तयार करणं आणि मग त्याचं ऐकणं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या शिस्तीने कोणी जिंकायला लागत नाही. पोकरमध्ये एकाचे पैसे दुसऱ्याकडे जातात आणि जाता जाता साइट पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांतून, आपला हिस्सा कापून घेते, त्याला रेक म्हणतात, त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज उणेच येते. हरणारा खेळाडू बँकरोल सांभाळून जरा सावकाश हरतो, एवढंच. पण आपण हरणारे की जिंकणारे हे कळायलाच हजारो डाव लागतात. तेवढे डाव परवडावेत यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि हो, तुम्ही राहता तिथे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायला कायद्याने मनाई असेल, तर पैशाचा विषय तिथेच संपला. मग हाच हिशेब खोट्या चिप्सवर करून पाहा. आकडेमोड तीच आहे.

पहिलं काम: पैसे वेगळे काढा

बँकरोल म्हणजे पूर्ण बुडाला तरी घरातली एकही गोष्ट अडणार नाही अशी रक्कम. भाडं, हप्ता, फी, क्रेडिट कार्ड, उसने पैसे यातलं काहीही त्यात येत नाही. रक्कम ठरली की ती रोजच्या खर्चाच्या खात्यात ठेवू नका, वेगळ्या वॉलेटमध्ये टाका. एकाच खात्यात किराणा आणि पोकर राहिले की दोन्हींचा हिशेब बिघडतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. ओळखीची कागदपत्रं पहिल्याच दिवशी देऊन टाका. पैसे काढायच्या वेळी ती अडकली की आठवडे जातात. किमान किती रक्कम काढता येते ते पाहा, कारण ५० डॉलरच्या खात्याला २० डॉलरची किमान मर्यादा खूप मोठी असते. आणि खातं डॉलरमध्ये व तुमचं चलन वेगळं असेल, तर जाता-येता दोन्ही वेळा विनिमयात काही टक्के गळतात. हा खर्चही बँकरोलचाच आहे.

त्यानंतर पहिला डाव खेळण्यापूर्वी साइटच्या सेटिंगमध्ये महिन्याची भरणा मर्यादा लावा. अनेक परवानाधारक साइटवर ही मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर काही काळ थांबावं लागतं. रात्री दोन वाजता हरलेल्या माणसाला नेमकं हे थांबणंच वाचवतं.

बोनसबद्दल थोडक्यात. पहिल्या भरण्यावरचा बोनस सहसा एकदम मिळत नाही; तुम्ही जितका रेक भरता त्या प्रमाणात तो छोट्या तुकड्यांत सुटतो आणि त्याला मुदत असते. सर्वांत लहान टेबलांवर खेळणाऱ्याचा मोठा बोनस मुदतीत पूर्ण सुटणं कठीणच. बोनससाठी ५० ऐवजी २०० भरू नका.

पैसे विसरा, बाय-इन मोजा

ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंना भरावीच लागणारी रक्कम; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात, थेट पैशांनी खेळायच्या कॅश टेबलावर, पूर्ण बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायची रक्कम, १०० बिग ब्लाइंड. ब्लाइंड १ आणि २ सेंटचे असतील तर बाय-इन २ डॉलर; या टेबलाला खेळाडू एनएल२ म्हणतात. २ आणि ५ सेंट म्हणजे एनएल५, ५ आणि १० सेंट म्हणजे एनएल१०. नावातला आकडा म्हणजेच पूर्ण बाय-इन, डॉलरमध्ये.

आता ५० डॉलर म्हणजे एनएल२ चे २५ बाय-इन, एनएल५ चे १० आणि एनएल१० चे फक्त ५. "माझ्याकडे ५० डॉलर आहेत" हे वाक्य पोकरमध्ये निरुपयोगी आहे. "माझ्याकडे एनएल२ चे २५ बाय-इन आहेत" यावर मात्र निर्णय घेता येतो.

किती बाय-इन हवेत? सहा जणांच्या कॅश टेबलासाठी ३० धरा, स्वभाव सावध असेल तर ४०. पॉट-लिमिट ओमाहा या दुसऱ्या प्रकारात हातात पत्ते चार असतात आणि दोघांच्या ताकदीत फरक कमी पडतो, त्यामुळे चढउतार मोठे. तिथे ५० च्या खाली जाऊ नये, १०० असले तर उत्तम. एका टेबलाच्या सिट-अँड-गोला, म्हणजे जागा भरताच सुरू होणाऱ्या छोट्या स्पर्धेला, ५०. तीन जणांच्या, बक्षीस चक्र फिरवून ठरणाऱ्या झटपट खेळांना किमान १००, कारण बहुतेक वेळा सर्वांत लहान बक्षीसच लागतं आणि मोठं क्वचित. मोठ्या स्पर्धांचं पुढे येतंच.

मग २५ बाय-इन घेऊन एनएल२ वर बसायचं की नाही? बसा. नियमाप्रमाणे ३० हवेत हे खरं, पण एनएल२ च्या खाली उतरायला सहसा जागा नसते आणि शिकणाऱ्याचे हे ५० डॉलर अर्धे शिकवणीच्या फीसारखे आहेत. हातात फक्त २० डॉलर असतील तर ४० किंवा ५० बिग ब्लाइंड घेऊन बसण्याची सोय असलेलं टेबल शोधा, म्हणजे एका वेळी डॉलरभरच पणाला लागतो. फुकटच्या फ्रीरोल स्पर्धा हाही मार्ग आहे, फक्त तो वेळखाऊ आहे.

२० पुरत नाहीत का?

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो, म्हणून आकडे मांडू. सहा जणांच्या टेबलावर दर १०० डावांमागे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती हलतात त्याचं माप) साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. ९० धरू. खेळाडू चांगला आहे आणि दर १०० डावांना सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकतो असंही धरू. स्टेक, म्हणजे टेबलाची पातळी, न बदलता तो खेळत राहिला, तर कधी ना कधी सगळं बुडण्याची शक्यता काढायचं एक सोपं सूत्र आहे: ई हा गणितातला आकडा (२.७१८), त्याचा घात उणे दोन गुणिले जिंकण्याचा दर गुणिले बँकरोल (बिग ब्लाइंडमध्ये) भागिले विचलनाचा वर्ग.

२० बाय-इनला उत्तर येतं साडेआठ टक्के. ३० ला अडीच टक्के. ४० ला एक टक्क्याहूनही कमी.

आता जिंकण्याचा दर ५ ऐवजी २ करा. त्याच २० बाय-इनला बुडण्याची शक्यता ३७ टक्के होते, आणि ४० बाय-इन असले तरी १४ टक्के उरतेच. दर शून्य किंवा उणे असेल तर कितीही बाय-इन घ्या, उत्तर १०० टक्केच. नवख्याला स्वतःचा दर माहीत नसतो, आणि जो वाटतो तो सहसा खऱ्यापेक्षा जास्त असतो. २० आणि ४० मधला फरक याच अज्ञानासाठी राखून ठेवायचा.

हेच जरा जवळून पाहा. तोच ५ बिग ब्लाइंडचा चांगला खेळाडू १०,००० डाव खेळला, तर सरासरी कमाई ५०० बिग ब्लाइंड, पण विचलन ९०० चं. म्हणजे १०,००० डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. आठवडाभर हरलो म्हणून खेळ वाईट, किंवा आठवडाभर जिंकलो म्हणून वरच्या टेबलाला तयार, दोन्ही निष्कर्ष घाईचे. दोन एक्क्यांविरुद्ध दोन बादशहा पत्ते उघडण्याआधी ऑल-इन झाले, म्हणजे सगळे पैसे मध्ये गेले, तरी एक्केवाला पाचातून जवळपास एकदा हरतो. एका संध्याकाळी हे तीनदा घडलं तर साइटवर संशय घ्यायचं कारण नाही, वहीत नोंद करा.

रेक नावाची गळती

लहान टेबलांवर रेक फार टोचतो आणि नवखे त्याकडे पाहतही नाहीत. समजा रेक ५ टक्के आणि एका पॉटमागे कमाल ३० सेंट आहे. एनएल२ वर दोघांचे पूर्ण स्टॅक, म्हणजे समोरचे सगळे पैसे, मध्ये गेले की पॉट ४ डॉलरचा होतो आणि रेक २० सेंट जातो, म्हणजे १० बिग ब्लाइंड. एनएल१०० वर असाच २०० डॉलरचा पॉट झाला आणि तिथली कमाल मर्यादा ३ डॉलर असली, तर जातात फक्त ३ बिग ब्लाइंड.

म्हणून साइट निवडताना रंगीत जाहिराती सोडा आणि रेकचा तक्ता शोधा: टक्के किती, मर्यादा किती, आणि रेकबॅक म्हणून परत काय मिळतं. टेबलावरचे पहिले तीन पत्ते (फ्लॉप) उघडण्याआधीच डाव संपला तर बऱ्याच साइट रेक घेत नाहीत. कमकुवत पत्त्यांवर नुसतं कॉल करून, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे टाकून, फ्लॉप पाहत बसण्याऐवजी कमी पण जोरात खेळणं लहान टेबलांवर फायद्याचं ठरतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

चढायची आणि उतरायची रेषा

आता कागद घ्या आणि आकडे लिहा. एनएल५ वर जायचं १५० डॉलर झाल्यावर, म्हणजे त्याचे ३० बाय-इन. तिथून परत एनएल२ वर यायचं १३५ झाल्यावर. एनएल१० वर ३०० ला जायचं, २७० ला उतरायचं. एनएल२५ वर ७५० ला, परत ६७५ ला. प्रत्येक ठिकाणी वरच्या टेबलावर तीन बाय-इनचा प्रयत्न करायचा. खेळाडू याला शॉट घेणं म्हणतात.

उतरायची रेषा चढायच्या रेषेइतकीच पक्की हवी. वर जायला कोणाला सांगावं लागत नाही. खाली यायला मात्र माणूस शंभर कारणं शोधतो: "इथले लोक तर आणखी वाईट खेळतात", "एक बाय-इन परत आला की उतरतो". रेषा १३५ असेल आणि शिल्लक १३४.८० झाली, तर चालू डाव संपवून उठायचं.

या रेषा किती महागात पडतात तेही माहीत असू द्या. एनएल५ वर शॉट फसला, १५ डॉलर गेले. आता एनएल२ वर ५ बिग ब्लाइंडच्या दराने, म्हणजे १०० डावांना १० सेंट, ते भरून काढायला १५,००० डाव लागतील. चार टेबलांवर तासाला सुमारे ३०० डाव होतात; म्हणजे ५० तास. आणि ५० डॉलरचे १५० करायला याच दराने १,००,००० डाव. एनएल२ वर प्रतिस्पर्धी कच्चे असतात, चांगला खेळाडू दुप्पट दराने जिंकू शकतो, तरी ५०,००० डाव उरतातच.

हा आकडा वाचून कंटाळा आला असेल तर बरोबर आहे. लहान बँकरोल बुडतो तो बहुतेक वेळा या कंटाळ्याने. म्हणून एक पळवाट प्रामाणिकपणे सांगतो: ३०,००० डाव नोंदवून झाले, त्यात नफा आहे, रेषा एकदाही मोडलेली नाही आणि खिशाला परवडतं, तर मासिक मर्यादेत राहून आणखी पैसे भरा आणि एनएल५ चा बँकरोल पूर्ण करा. दिवस आधी ठरवा, महिन्याची पहिली तारीख वगैरे. हरलेल्या रात्री भरलेला एक डॉलरसुद्धा या सवलतीत बसत नाही.

टक्क्यांत विचार करायला आवडत असेल तर एक प्रसिद्ध नमुना आहे. २००० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेल्या क्रिस फर्ग्युसनने २००६ मध्ये शून्य डॉलरपासून, फ्रीरोल खेळत, १०,००० डॉलरपर्यंत जायचं ठरवलं आणि ते करून दाखवलं. त्याचे नियम असे: कॅश टेबल किंवा सिट-अँड-गोमध्ये एका वेळी बँकरोलच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त नाही, मात्र १ डॉलरपर्यंतच्या स्पर्धांना सूट, आणि टेबलावर समोरचे पैसे बँकरोलच्या १० टक्क्यांपुढे गेले की ब्लाइंड यायच्या आधी उठायचं. ५ टक्के म्हणजे २० बाय-इन, म्हणजे वरच्या हिशेबापेक्षा सैलच. पण तो जागतिक विजेता होता. नवख्याने ३ टक्के धरावेत.

बसल्यावर

एकाच वेळी किती टेबलं? चार टेबलांवर २-२ डॉलर घेऊन बसलात तर ५० मधले ८ डॉलर, म्हणजे १६ टक्के, एकदम पणाला लागले. पहिले ५,००० डाव एक किंवा दोनच टेबलं ठेवा. "स्टॅक आपोआप भरा" हा पर्याय चालू राहू द्या, कारण १०० बिग ब्लाइंडनेच खेळायचं ठरलंय. मात्र स्टॅक पूर्ण संपल्यावर आपोआप नवा बाय-इन घेणारा पर्याय बंद करा. नवा बाय-इन घेताना हात माउसवर आणि डोळा शिलकीवर जायलाच हवा.

सत्र ६० ते ९० मिनिटांचं, आणि तीन बाय-इन गेले की बंद. गणिताच्या दृष्टीने ही मर्यादा काही बदलत नाही, पुढच्या डावाला मागचा डाव माहीत नसतो. तुम्हाला मात्र माहीत असतो. हरल्यावर डोकं फिरून वाट्टेल तसं खेळणं, ज्याला टिल्ट म्हणतात, त्याचा खर्च कुठल्याही दुर्दैवी पत्त्यापेक्षा जास्त असतो. त्याची लक्षणं ठरलेली: बटण अर्ध्या सेकंदात दाबलं जातं, आणखी एक टेबल उघडलं जातं, चॅटमध्ये काहीतरी लिहावंसं वाटतं, आणि सर्वांत पक्कं म्हणजे लॉबीत स्टेकची यादी वर सरकवून पाहिली जाते. यातलं एक जरी दिसलं तरी "पुढच्या ब्लाइंडला बाहेर" हा पर्याय लावा.

जिंकताना उठायची मर्यादा मात्र लावू नका. टेबल सोपं आहे, डोकं ताजं आहे, तर बसा. बरेच जण उलटं करतात: थोडं जिंकून पळतात आणि हरताना पाच तास चिकटून राहतात.

स्पर्धांचा हिशेब वेगळा

स्पर्धेत साधारण १५ टक्क्यांच्या आसपास लोकांना बक्षीस मिळतं, त्यातही तळाच्यांना प्रवेश फीच्या दीड-दोन पट, आणि खरा पैसा वरच्या मोजक्यांना. प्रत्येक वेळी बक्षिसात येण्याची शक्यता १५ टक्के धरली, तर सलग २० स्पर्धा रिकाम्या हाताने संपण्याची शक्यता जवळपास ४ टक्के. महिन्याला शंभरेक स्पर्धा खेळणाऱ्याला अशी लाट येणारच. म्हणून किमान १०० बाय-इन, हजारो लोकांच्या स्पर्धेला २००. ५० डॉलरवर याचा अर्थ २५ ते ५० सेंटच्या स्पर्धा.

इथली नेहमीची चूक जाहीर फीकडे पाहण्याची. १ डॉलरच्या रीबाय स्पर्धेत दोन रीबाय (पुन्हा विकत घेतलेल्या चिप्स) आणि एक ॲड-ऑन (शेवटी मिळणारी जादा खरेदी) घेतला की खर्च ४ डॉलर. पुन्हा प्रवेश मिळणाऱ्या स्पर्धेत प्रत्येक प्रवेश नवा बाय-इन. "खिशातून जास्तीत जास्त किती जाईल" हाच आकडा नियमाला लावायचा. आणि सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट हेच बक्षीस असलेल्या स्पर्धेत, जिंकलेलं महागडं तिकीट ज्या स्पर्धांत रोखीत बदलून मिळतं, तिथे नवख्याने बदलून घ्यावं.

वही

साध्या स्प्रेडशीटमध्ये हे रकाने पुरतात: तारीख, प्रकार, स्टेक, सुरू व बंद वेळ, डाव, सुरुवातीची शिल्लक, शेवटची शिल्लक, रेकबॅक व बोनस, भरले-काढले, शेरा. एक ओळ अशी दिसते: एनएल२, दोन टेबलं, ७५ मिनिटं, १९० डाव, ५२.४० ते ४८.१५, शेरा "दुसरा बाय-इन रागात, टेबलावरचा चौथा पत्ता उघडल्यावर नुसत्या जोडीवर कॉल". बोनसचा रकाना वेगळा ठेवण्याचं कारण असं की खेळात उणे आणि रेकबॅकने अधिक असे महिने येतात, आणि ते फोड केल्याशिवाय दिसत नाहीत.

पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर यांसारखी सॉफ्टवेअरं डाव आपोआप नोंदवतात आणि ऑल-इनच्या वेळी तुमचा हक्काचा हिस्सा किती होता त्याची वेगळी रेघ काढतात. खरी शिल्लक त्या रेघेच्या बरीच खाली असेल तर नशीब हे एक कारण. दोन्ही रेघा एकत्र खाली जात असतील तर खेळ तपासा. काही साइट अशा सॉफ्टवेअरला मनाई करतात, नियम वाचून मगच लावा.

पैसे काढणं आणि बुडणं

पहिल्यांदा वीस-पंचवीस डॉलर नफा झाला की किमान रक्कम काढून पाहा. वाट कशी आहे, किती दिवस लागतात ते कळतं. त्यानंतर पैसे काढताना आधी बाय-इन मोजा. १६० डॉलरमधून ४० काढले तर १२० उरतात, म्हणजे तुम्ही एनएल२ चे खेळाडू झालात आणि त्या संध्याकाळी एनएल२ वरच बसायचं. काढलेले पैसे विसरून जुन्याच टेबलावर बसणारे खूप.

आणि ५० चे शून्य झाले तर? त्याच दिवशी भरू नका. महिनाभर खातं बंद ठेवा, साइटवर तशी विश्रांतीची सोय असते. त्या काळात वही उघडून दोन बेरजा करा: रेषेच्या आत खेळून किती गेले आणि रेषा मोडून किती गेले. पहिला आकडा मोठा असेल तर आधी फ्लॉपपूर्वीचा खेळ शिका. दुसरा मोठा असेल, आणि विश्रांती संपायच्या आत भरण्याची घाई होत असेल किंवा घरच्यांपासून रक्कम लपवावीशी वाटत असेल, तर स्वतःला कायमचं बाद करून घेण्याचं बटण त्याच सेटिंगमध्ये असतं, भरणा मर्यादेच्या आसपासच.